सर्व्हर आधी की एजंट आधी? बॅकअपच्या अपडेटचा हिशेब

बॅकअप सांभाळणाऱ्या वाचकांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. ‘सर्व्हरवर नवी आवृत्ती टाकली, आता दीडशे मशिनवरचे एजंटही आजच बदलायचे का?’ ‘रोज सकाळी सगळं हिरवं दिसतंय, मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?’ ‘एका मशिनवरचा एजंट आपोआप पुढच्या आवृत्तीवर गेला आणि सर्व्हर त्याला ओळखेना, आता काय?’ पतसंस्था असो, रुग्णालय असो, साखर कारखाना असो की एमआयडीसीतलं युनिट, गोंधळ तोच.

सर्व्हर एकच असतो, त्यामुळे त्याची आवृत्ती सगळ्यांना पाठ असते. क्लायंट शंभर असतात, त्यामुळे त्यांची आवृत्ती कोणालाच ठाऊक नसते. सर्व्हर आणि क्लायंट यांच्यात अंतर असण्यात काही गैर नाही. ते तुम्ही ठरवून ठेवलं आहे की नकळत पडलं आहे, एवढंच पाहायचं. पुढचं सगळं मार्गदर्शन त्या एका प्रश्नाभोवती आहे.

क्रम: वरून खाली

नवा सर्व्हर जुन्या क्लायंटशी बोलू शकेल याची काळजी उत्पादक घेतात. जुना सर्व्हर नव्या क्लायंटशी बोलेल याची हमी सहसा कोणी देत नाही. म्हणून क्रम वरून खाली. नेहमीच्या उत्पादनांत तो असा:

- नेटबॅकअप: आधी प्रायमरी सर्व्हर, मग मीडिया सर्व्हर, मग क्लायंट. खालच्या पायरीवरची आवृत्ती वरच्या पायरीपेक्षा नवी नको.
- कॉमव्हॉल्ट: कॉमसर्व्ह, मग मीडियाएजंट, मग क्लायंट.
- वीम: एंटरप्राइज मॅनेजर वापरत असाल तर तो आधी, मग बॅकअप सर्व्हर, मग प्रॉक्सी आणि रिपॉझिटरी, शेवटी मशिनवरचे एजंट.
- बॅक्युला: डायरेक्टर आणि स्टोरेज डीमन एकाच वेळी, एकाच आवृत्तीवर. फाइल डीमन मागे राहिला तरी चालतो, पुढे गेलेला नको. डायरेक्टरच्याच मशिनवर फाइल डीमन असेल, तर तोही त्याच वेळी बदला.
- आयबीएम स्टोरेज प्रोटेक्ट, म्हणजे पूर्वीचं टीएसएम: सर्व्हर आधी. शिवाय एक गोष्ट इथे विसरली जाते. नव्या क्लायंटने घेतलेला बॅकअप जुन्या क्लायंटने परत आणता येईलच असं नाही. एखाद्या मशिनवर क्लायंट पुढे नेलात आणि ते मशिन बंद पडल्यावर जुना क्लायंट असलेल्या दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करायला गेलात, तर तिथे अडाल.

क्लायंट किती आवृत्त्या मागे चालतो, हे उत्पादनागणिक बदलतं. ‘एक-दोन आवृत्त्यांनी काही होत नाही’ असं ऐकीव गणित धरू नका. प्रत्येक उत्पादकाचा सुसंगततेचा तक्ता असतो. तुमच्या आवृत्तीचा तक्ता डाउनलोड करून तारखेसह फाइल करून ठेवा. पुढे वाद झाला तर तोच कागद कामाला येतो.

आवृत्त्या जुळल्या नाहीत तर किती महागात पडतं, याचं उदाहरण गिटलॅबने स्वतःच जगासमोर मांडलं आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर तो नव्हताच. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारं ‘पीजी-डंप’ चालत होतं ९.२ चं. ते दरवेळी चूक दाखवून बंद पडत होतं. तशी सूचना ईमेलने जातही होती, पण डीमार्कच्या नियमात न बसल्याने समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. शेवटी योगायोगाने काही तास आधी घेतलेला स्नॅपशॉट हाताशी होता, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या डेटावर थांबलं. डेटाबेसचा स्वतःचा बॅकअप घेणारं साधन हाही एक क्लायंटच असतो. यादी करताना त्याला वगळू नका.

यादी: हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही

पॅच लावण्यापेक्षा कुठे कोणता पॅच आहे हे कळायला जास्त वेळ लागतो. एक्सेल पुरेसं आहे, महागडं साधन नको. प्रत्येक मशिनसाठी एवढं लिहा:

- मशिनचं नाव, ते कोणाच्या ताब्यात आहे, त्यावर काय चालतं
- ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचा नेमका बिल्ड क्रमांक
- बॅकअप एजंटची आवृत्ती, बिल्डपर्यंत. नुसतं ‘१२’ किंवा ‘११’ लिहिलेल्या यादीचा उपयोग नाही. वीममध्ये १२.१ आणि १२.२ यांच्यातला फरक हा एका गंभीर सुरक्षा दोषाचा फरक होता.
- डेटाबेस किंवा मेलसाठीचे वेगळे प्लगइन आणि त्यांची आवृत्ती
- शेवटचा यशस्वी बॅकअप आणि शेवटचा यशस्वी रिस्टोअर, दोन्ही तारखा
- एजंट मुद्दाम मागे ठेवला असेल तर का, कोणी ठरवलं, पुन्हा कधी पाहायचं

बहुतेक उत्पादनांत एजंटच्या आवृत्तीचा अहवाल सर्व्हरवरूनच निघतो. बॅक्युलात बीकन्सोलमध्ये क्लायंटची स्थिती विचारली की पहिल्याच ओळींत आवृत्ती दिसते. पण या अहवालावर पूर्ण भिस्त नको, कारण सर्व्हरला फक्त त्याच्याशी बोलणारे क्लायंट माहीत असतात. एजंट टाकलेला आहे, पण वर्षभरापूर्वी जॉबमधून काढलेला आहे, अशी मशिनं त्यात दिसत नाहीत. ती सेवा मात्र चालू असते आणि पोर्टही उघडं असतं. म्हणून ही यादी डोमेनच्या किंवा नेटवर्कच्या यादीशी ताडून पाहा. जुळली नाही, तर जी मशिनं फक्त एकाच बाजूला आहेत ती आधी शोधा.

सगळे पॅच एका मापाचे नसतात

उत्पादकांची नावं वेगवेगळी असली तरी निर्णयापुरते चार प्रकार लक्षात ठेवा.

- सुरक्षा पॅच. सर्व्हरवर तातडीने. दोष नेटवर्कवरून, पासवर्डशिवाय वापरता येण्यासारखा असेल तर मी आठवड्याची वाटही पाहणार नाही. एक-दोन दिवसांत लावा. तोवर ते पोर्ट फक्त आवश्यक मशिनांपुरतं खुलं ठेवा.
- देखभाल आवृत्ती, म्हणजे जुन्या चुका दुरुस्त करणारा एकत्रित संच. तिमाहीत एकदा ठरवून लावली तरी चालते.
- मोठी नवी आवृत्ती. घाई नको. पहिला दुरुस्ती संच येईपर्यंत थांबणारे शहाणेच ठरतात. पण जुन्या आवृत्तीचा आधार कोणत्या तारखेला संपतो ते आधी पाहा. त्या तारखेच्या पुढे थांबणं म्हणजे निव्वळ आळस.
- खास दुरुस्ती, जी तुमच्या तक्रारीवर उत्पादक फक्त तुम्हाला देतो. नेटबॅकअपमध्ये तिला ईईबी म्हणतात. ही सर्वांत धोकादायक, कारण दोन वर्षांनी ती कोणाच्या लक्षात राहत नाही. पुढची आवृत्ती टाकताना ती आपोआप टिकत नाही. नव्या आवृत्तीत ती सामावलेली आहे का, हे विचारूनच पुढे जा.

सुरक्षा पॅचबद्दल घाई का, ते सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये वीमने बॅकअप सर्व्हरमधला एक दोष जाहीर केला, क्रमांक सीव्हीई-२०२४-४०७११, तीव्रता १० पैकी ९.८. दुरुस्ती १२.२ मध्ये आली होती. पुढच्या महिन्यातच अकिरा आणि फॉग हे खंडणीखोर गट त्याच दोषातून आत शिरताना आढळले. बॅकअप सर्व्हर हे हल्लेखोराचं आवडतं ठिकाण, कारण तिथे सगळ्या मशिनांचे पासवर्ड साठवलेले असतात आणि तुमचा परतीचा रस्ताही तिथूनच जातो.

मार्च २०२५ मध्ये वीमनेच आणखी एक दोष जाहीर केला. तो डोमेनला जोडलेल्या बॅकअप सर्व्हरपुरताच होता, आणि डोमेनमधला साधा वापरकर्ताही त्यातून सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. बॅकअप सर्व्हर कंपनीच्या मुख्य डोमेनमध्ये ठेवू नका, हा सल्ला जुनाच आहे. पुढचा पॅच लावायच्या निमित्ताने तो सर्व्हर डोमेनबाहेर काढण्याचं कामही वेळापत्रकात घाला.

एजंट मागे राहिले तर बिघडतं काय?

‘सर्व्हर पॅच केला, एजंट पाहू सावकाश’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा प्रसंग. बॅकअप एक्झेकच्या एजंटमध्ये ओळख पटवण्याच्या जुन्या पद्धतीतून तीन दोष निघाले होते. उत्पादकाने मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या दोषांचा वापर करणारं तयार साधन सर्वांसाठी उपलब्ध झालं, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ब्लॅककॅट टोळीशी संबंधित हल्लेखोर त्यातून आत घुसू लागले. दुरुस्ती येऊन १९ महिने झाले होते. एजंट सहसा मशिनवर सर्वोच्च अधिकाराने चालतो, म्हणून तो हाती लागला की मशिन हाती लागलं.

मग दीडशे एजंट एका दिवसात बदलायचे का? नाही. दुरुस्ती सर्व्हरच्या दोषाची असेल आणि तक्त्यात तुमचे जुने एजंट बसत असतील, तर ते महिन्याभरात टप्प्याने बदला. दुरुस्ती एजंटच्याच दोषाची असेल तर सर्व्हरसारखीच घाई हवी, आणि सुरुवात इंटरनेटला उघड्या असलेल्या मशिनांपासून. उत्पादकाच्या सूचनापत्रात ‘बाधित घटक’ असा रकाना असतो. बहुतेक जण तीव्रतेचा आकडा वाचून थांबतात. तुम्ही तो रकाना वाचा.

अपडेटच्या दिवशी

दिवस निवडण्यापासून सुरुवात करू. पतसंस्था किंवा बँक असेल तर ३१ मार्चच्या आसपासचे पंधरा दिवस सोडा. साखर कारखाना असेल तर मोठी आवृत्ती गाळप हंगाम संपल्यावर. सुरक्षा पॅचला मात्र हंगाम नसतो. शुक्रवारी संध्याकाळचा मोह टाळा. अडलात तर मदतीला माणूस सोमवारीच मिळतो. मंगळवार किंवा बुधवारी सकाळी, रात्रीचे जॉब पूर्ण झाल्यावरची वेळ उत्तम. मायक्रोसॉफ्टचे मासिक पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, भारतात ते बुधवारी उजाडल्यावर दिसतात. ते आणि बॅकअपचा पॅच एकाच दिवशी लावू नका. काही बिघडलं तर दोष कोणाचा ते कळायला मार्ग राहत नाही.

मग हे करा, याच क्रमाने:

1. नव्या आवृत्तीची माहिती पूर्ण वाचा, विशेषतः ‘ज्ञात अडचणी’. तुमच्या आवृत्तीवरून थेट उडी मारता येते की मधल्या आवृत्तीवर थांबावं लागतं, ते पाहा. जुन्या सर्व्हरवर बहुधा थांबावं लागतं.
2. सर्व्हरच्या स्वतःच्या माहितीचा बॅकअप घ्या, म्हणजे कॅटलॉग, कॉन्फिगरेशन, डेटाबेस. तो त्याच सर्व्हरवर ठेवू नका. वीममध्ये हा बॅकअप एन्क्रिप्ट केला नाही तर साठवलेले पासवर्ड त्यात येत नाहीत. नेटबॅकअपमध्ये आपत्ती पॅकेजसाठी पासफ्रेज लागतो, आणि तो हरवला तर पॅकेज असून नसल्यासारखं. पासफ्रेज कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. हसू येईल, पण त्या दिवशी पासवर्ड मॅनेजरही बंदच असेल.
3. इन्स्टॉलर अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि त्याची चेकसम किंवा डिजिटल सही तपासा. व्हॉट्सॲपवर आलेली ड्राइव्हची लिंक, मग ती ओळखीच्या इंजिनिअरने पाठवलेली का असेना, चालणार नाही.
4. चालू जॉब संपू द्या, मग वेळापत्रक बंद करा. त्याआधी कोणते जॉब पूर्वीपासून बंद होते ते टिपून घ्या. नाहीतर शेवटी ‘सगळे चालू’ करताना तीन वर्षांपूर्वी मुद्दाम बंद केलेला जॉबही जागा होतो आणि डिस्क भरून टाकतो.
5. सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर सेवा बंद करून स्नॅपशॉट घ्या. हा परत फिरण्याचा सोपा रस्ता आहे, बॅकअप नव्हे. दोन-तीन दिवसांत तो काढून टाका.
6. सर्व्हर अपडेट करा, रीस्टार्ट करा, मग प्रॉक्सी, मीडिया, रिपॉझिटरी.
7. एकच छोटा जॉब हाताने चालवा आणि त्यातली एक फाइल रिस्टोअर करून उघडा. त्याबरोबर एक जुना, मागच्या आवृत्तीने घेतलेला बॅकअपही उघडून पाहा. ही दोन कामं झाल्याखेरीज अपडेट पूर्ण झाला असं कोणाला कळवू नका.
8. वेळापत्रक पुन्हा चालू करा.

चौथ्या पायरीवर जास्त जोर देतो, कारण चालत्या बॅकअपच्या पायाखालची सतरंजी ओढली की काय होतं ते जपानच्या क्योतो विद्यापीठाने भोगलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या महासंगणकाच्या बॅकअप प्रणालीची स्क्रिप्ट यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने सुधारली. दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फायली पुसण्याचं काम त्यात होतं. जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी लिहिली गेली. शेल अर्ध्यावरून नवी वाचू लागला, चल-नावं रिकामी निघाली, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फायली, १४ संशोधन गट. त्यांतल्या ४ गटांचा डेटा कायमचा गेला. पुरवठादार जगातला नामांकित होता, आणि दुरुस्ती चांगल्या हेतूने केलेली होती.

अपडेटनंतरच्या पहिल्या रात्री जॉब नेहमीपेक्षा लांबले तर घाबरू नका. बदललेले ब्लॉक टिपणारी यंत्रणा अपडेटमध्ये नव्याने सुरू झाली की पहिल्या वेळी पूर्ण डिस्क वाचली जाते. मात्र शाखांकडून येणारी लाइन कमी क्षमतेची असेल, तर सगळ्या शाखांचे एजंट एकाच दिवशी बदलू नका. सकाळी कामकाज सुरू झालं तरी बॅकअप चालूच राहील.

एजंट पोचवायचे कसे?

सर्व्हरवरून थेट ढकलता येतात, ग्रुप पॉलिसीने किंवा ॲन्सिबलसारख्या साधनाने पाठवता येतात, किंवा लिनक्सवर पॅकेजच्या भांडारातून येतात. कोणताही मार्ग घ्या, पण मशिनांचे गट करा: आधी तुमचं स्वतःचं मशिन आणि दोन-तीन बिनमहत्त्वाची, मग एक विभाग, मग बाकी. डेटाबेस सर्व्हर शेवटी. प्रत्येक गटानंतर किमान एक पूर्ण रात्र जाऊ द्या.

नेहमी फसायला होतं त्या जागा या:

- लिनक्सवर आपोआप होणारे अपडेट. रात्री पॅकेज अपडेट होतं आणि बॅक्युलाचा फाइल डीमन डायरेक्टरच्या पुढे निघून जातो. ॲप्टमध्ये ते पॅकेज होल्डवर ठेवा, रेडहॅट कुळात व्हर्जन-लॉक वापरा. होल्ड कधी काढायचा याची तारीखही लिहा, नाहीतर सुरक्षा पॅचही अडून राहील.
- तयार इमेज. नवं मशिन ज्या साच्यातून उभं राहतं त्यात जुनाच एजंट असतो. तुम्ही दीडशे बदलता, आणि पुढच्या महिन्यात जुन्या आवृत्तीची पाच नवी मशिनं हजर होतात.
- लॅपटॉप. विक्री प्रतिनिधींचे लॅपटॉप महिनोन्‌महिने कार्यालयात येत नाहीत. त्यांचा गट वेगळा करा आणि कोणी किती दिवस संपर्कात नाही यावर नजर ठेवा.
- रीस्टार्ट बाकी. विंडोजवर एजंटची नवी आवृत्ती दिसते, पण ड्रायव्हर जुनाच चालू असतो. यादीत ‘रीस्टार्ट झाला’ असा रकाना ठेवा.
- रिकव्हरी मीडिया. बंद पडलेलं मशिन उभं करायला बनवलेली पेनड्राइव्ह किंवा आयएसओ एजंटसोबत बदलत नाही. ती नव्याने बनवून एकदा बूट करून पाहा. हे काम जवळजवळ कोणीच करत नाही, आणि गरज नेमकी तिचीच लागते.

दोष बॅकअपचा नसतानाही बॅकअप बंद पडतो

लिनक्समधला कर्नल बदलला की एजंटचं स्नॅपशॉट घेणारं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं. सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर मान्य सहीही लागते. हे झालं नाही तर काही एजंट बंद पडतात, काही साध्या फाइल-कॉपीवर उतरून काम चालू ठेवतात. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण जॉब हिरवाच दिसतो आणि उघड्या असलेल्या फायली अर्धवट जातात.

व्हर्च्युअल मशिनांचंही तेच. व्हीएमवेअरची नवी आवृत्ती टाकण्याआधी तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर तिला पाठिंबा देतं का ते पाहा. यजमान प्रणाली पुढे आणि बॅकअप मागे अशी स्थिती झाली की सगळीच मशिनं एकदम उघडी पडतात. तुमच्याकडे ही दोन कामं वेगळ्या माणसांकडे असतील, तर त्यांनी एकमेकांना न कळवता अपडेट करायचा नाही, असा लेखी नियम करा.

ज्या मशिनांना नवा एजंट चालतच नाही

लेथ मशिनला जोडलेला जुना विंडोज संगणक, रक्त तपासणी यंत्राचा विंडोज ७, कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या पगारपत्रकाचा सर्व्हर. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. नवे एजंट यांतल्या काहींवर बसत नाहीत. पर्याय असे:

- तक्त्यात बसणारा शेवटचा एजंट ठेवा, पण ते मशिन वेगळ्या नेटवर्कमध्ये न्या आणि त्याचं एजंटचं पोर्ट फक्त बॅकअप सर्व्हरला उघडं ठेवा.
- मशिन व्हर्च्युअल करता येत असेल तर करा. मग आत एजंट न टाकता बाहेरून बॅकअप घेता येतो.
- एजंट काढून टाका, मशिनला रोज आपला डेटा एका ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकू द्या, आणि त्या फोल्डरचा बॅकअप घ्या.

मला तिसरा पर्याय बऱ्याच ठिकाणी सर्वांत बरा वाटतो. रुबाबदार नाही, पण असुरक्षित एजंटपेक्षा परवडला. यांतलं काहीही निवडलंत तरी व्यवस्थापनाची सही घ्या. ‘आयटीवाल्याने पॅच केला नाही’ हे वाक्य नंतर ऐकायचं नसेल, तर आत्ताच कागद हवा.

अपडेट फसला तर

सर्व्हरची नवी आवृत्ती टाकताना आतल्या डेटाबेसची रचनाही बदलते. त्यामुळे नुसतं जुनं सॉफ्टवेअर पुन्हा टाकून परत फिरता येत नाही. जुना इन्स्टॉलर आणि जुना डेटाबेस दोन्ही लागतात. जुन्या आवृत्त्यांचे इन्स्टॉलर आणि परवाना फायली जपून ठेवा. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात. आठ वर्षांपूर्वीची टेप वाचायला त्या काळचं सॉफ्टवेअर लागू शकतं, आणि उत्पादकाच्या डाउनलोड पानावर ते असेलच असं नाही. मधल्या काळात कंपन्या हात बदलतात. डिसेंबर २०२४ मध्ये नेटबॅकअप कोहेसिटीकडे गेलं आणि बॅकअप एक्झेक आर्क्टेरा या नव्या कंपनीकडे. जुन्या खुणा करून ठेवलेल्या लिंक उघडून पाहा, आणि सुरक्षा सूचनांची ईमेल यादी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर नाही ना, तेही.

परत फिरायचं की पुढे रेटायचं, याची वेळ आधीच ठरवा. ‘दुपारी दोनपर्यंत पहिला रिस्टोअर झाला नाही तर मागे फिरायचं’ असं लिहून काम सुरू करा. रात्री अकरा वाजता थकलेल्या माणसाने हा निर्णय घेऊ नये.

करार, कायदा आणि तुमचे हक्क

बहुतेक लहान संस्थांचा बॅकअप एएमसीवर बाहेरचा पुरवठादार सांभाळतो. करारात ‘अपडेट समाविष्ट’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यात एजंट येतात की फक्त सर्व्हर हे लिहिलेलं नसतं. तुम्ही हे मागू शकता, आणि मागाच:

- प्रत्येक अपडेटनंतर आधीची व नंतरची आवृत्ती, तारीख, आणि रिस्टोअर चाचणीचा पुरावा लेखी
- सर्व्हर व एजंट दोन्हींसाठी सुरक्षा पॅच किती दिवसांत, याची अट
- प्रशासक पासवर्ड, एन्क्रिप्शनची किल्ली आणि उत्पादकाच्या पोर्टलवरचं खातं संस्थेच्या नावावर. पुरवठादार बदलताना अडवणूक होते ती इथेच.
- उत्पादकाचा सपोर्ट चालू आहे याचा पुरावा. तो संपला तर नव्या आवृत्त्या मिळत नाहीत, आणि हे अपडेटच्या दिवशी कळलं तर उपयोग नाही.

जबाबदारी मात्र पुरवठादारावर ढकलता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार डेटा बाळगणारी संस्था तिच्या वतीने काम करणाऱ्या पुरवठादाराच्या कामालाही उत्तरदायी आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कायद्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही लक्षात ठेवा: सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. बॅकअप सर्व्हरचे लॉगही त्यात धरा. अपडेट करताना जुने लॉग पुसले जाणार असतील तर आधी बाजूला काढा. नागरी सहकारी बँकांना याशिवाय रिझर्व्ह बँकेची ३१ डिसेंबर २०१९ ची टप्पेवार सायबर सुरक्षा चौकट लागू आहे. तुमची बँक तिच्यातल्या कोणत्या पातळीवर येते ते व्यवस्थापनाला विचारा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित झाले. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. तुमचा सर्व्हर तसा वाचेल का, हे त्याचा बिल्ड क्रमांक, त्याचं डोमेनशी असलेलं नातं आणि एजंटांची यादी पाहून आजही सांगता येतं. एएमसीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर सही करण्याआधी ‘एजंटसह’ हा एक शब्द करारात घालून घ्या.